मारिओचं जग आणि आपल्या थापा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कशाबद्दल आहे?

सुपर मारिओ ब्रदर्सबद्दल. तोच तो, विटा फोडत, कासवं तुडवत उजवीकडे पळणारा मिशीवाला. जपानमध्ये हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ला आला. आमच्या चाळीत तो पोचला नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायच्या चिनी बनावटीच्या डब्यातून आणि एका पिवळ्या कॅसेटमधून. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं. आत खेळ मोजून वीस-पंचवीस, बाकी तेच पुन्हा पुन्हा. सोबत माहितीपुस्तिका वगैरे काही नाही. त्यामुळे हा माणूस कोण, कुठे चाललाय, कासवांशी याचं वैर काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला जे सुचेल ते तो ठोकून द्यायचा.

पुढे कळलं की जगभर हाच उद्योग चालू आहे. या पानावर असे तर्क आहेत, काही बाहेरचे, काही घरचे. अट एकच: तर्काला पडद्यावरचा किंवा मूळ पुस्तिकेतला एक तरी पुरावा हवा. ‘माझ्या मावसभावाने स्वतः पाहिलंय’ हा पुरावा धरला जाणार नाही.

मारिओ विटा फोडतो म्हणजे माणसं मारतो, हे खरं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि पुरावा थेट खेळ काढणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या पुस्तिकेत आहे. तिथली गोष्ट थोडक्यात अशी: मशरूम लोकांच्या शांत राज्यावर कूपा नावाच्या कासवांच्या टोळीने हल्ला केला. ही टोळी काळ्या जादूसाठी प्रसिद्ध. त्यांनी त्या गरीब लोकांचे दगड केले, विटा केल्या, काहींची तर रानातली झाडंझुडपं करून टाकली. ही जादू उतरवू शकते फक्त राजकन्या, आणि तीच कूपांच्या राजाच्या ताब्यात.

आता खेळ लावा. पहिल्याच टप्प्यात मोठा मारिओ खालून उडी मारतो, विटेचे चार तुकडे होतात आणि खात्यावर ५० गुण जमा. ज्यांना सोडवायला निघाला त्यांचाच चुरा.

बचाव पक्षाचं म्हणणंही ऐकून घेऊ. त्याच पुस्तिकेत लिहिलंय की विटा झालेले किंवा अदृश्य झालेले मशरूम लोक तुम्हाला भेटले तर ते बक्षीस म्हणून शक्ती देतात. म्हणजे ज्या विटेतून मशरूम, फूल किंवा चांदणी निघते ती वीट म्हणजे माणूस, आणि तो खूश आहे. ती वीट फुटतही नाही, नुसती टणक होऊन जागेवर राहते. मग फुटणाऱ्या विटा कोण? बचाव पक्ष म्हणतो, साध्या विटा. मला हे पटत नाही. राज्य उलथवणाऱ्याने नुसत्या सजावटीसाठी हवेत विटा टांगल्या असतील?

एकदा लहान मारिओने खेळून बघा. तो खालून धडकतो तेव्हा वीट फुटत नाही, दचकल्यासारखी वर उचलते आणि परत जागेवर बसते. एकदा का ही गोष्ट वाचली की ते दचकणं बघवत नाही. माझ्या मते हा सगळ्यात दमदार तर्क आहे, कारण चाहत्यांना यात पदरचं काहीच घालावं लागलं नाही. कंपनीनेच लिहिलं आणि विसरून गेली.

ढग आणि झुडूप एकच आहेत म्हणे?

हो, यात तर्काचा भाग नाही. चित्र एकच, रंग वेगळे. वर पांढरं लावलं की ढग, खाली हिरवं लावलं की झुडूप. कारण सरळ आहे: अख्खा खेळ ४० किलोबाइटचा, त्यात चित्रांसाठी ८. सकाळी सकाळी काकांकडून येणारा ‘शुभ प्रभात’चा गुलाब याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्या जागेत ३२ टप्पे, संगीत, शत्रू आणि राजकन्या बसवायची तर ढगासाठी वेगळं चित्र कोण काढणार?

पण आता मागच्या प्रश्नाशी जोडून बघा. पुस्तिका म्हणते, काही लोकांची झुडपं झाली. झुडूप आणि ढग एकच. म्हणजे वरून तरंगत जाणारे ढग कोण आहेत ते तुम्हीच ठरवा. लाकितू नावाचा तो चष्मेवाला ज्या ढगात बसून काटेरी कासवं फेकतो, तो ढग पुढून हसतमुख आहे, हेही लक्षात घ्या. माझ्या एका मित्राने ही साखळी ऐकली आणि म्हणाला, “म्हणजे लाकितू कुणाच्या तरी आजोबांवर बसलाय.”

किल्ल्यातला ड्रॅगन खरा की खोटा?

आम्ही त्याला ड्रॅगन म्हणायचो, खरं नाव बाउझर, तोच कूपांचा राजा. तो दर चौथ्या टप्प्यात पुलावर उभा. आपण त्याच्यावरून किंवा खालून निसटायचं, कुऱ्हाडीला हात लावायचा, पूल कोसळतो, तो लाव्ह्यात पडतो. मग मशरूमडोक्याचा सेवक सांगतो की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट: तुमच्याकडे फूल असेल, म्हणजे आगीच्या गोळ्या मारता येत असतील, तर पाच गोळ्यांत तो मरतो. आणि मरताना पहिल्या सात किल्ल्यांत त्याचं खरं रूप दिसतं. १-४ मध्ये, म्हणजे पहिल्या दुनियेच्या चौथ्या टप्प्यात, तो निघतो साधा गुंबा, तो मशरूमसारखा दिसणारा शत्रू. २-४ मध्ये हिरवं कासव, ३-४ मध्ये काळ्या पाठीचा बीटल, ४-४ मध्ये काटेरी कासव, ५-४ मध्ये चक्क लाकितू, ६-४ मध्ये पाण्यातला ब्लूपर आणि ७-४ मध्ये हातोडे फेकणारा. खरा बाउझर फक्त ८-४ मध्ये. आम्हाला हे कधी दिसलं नाही, कारण किल्ल्याच्या शेवटपर्यंत फूल टिकवणं कुणाच्या बापाला जमत नव्हतं.

यावरचा माझा लाडका तर्क म्हणजे बदली कामगाराचा. साहेब स्वतः हजर राहणार फक्त मुख्य कचेरीत, बाकी सात शाखांत बदलीवर माणसं. यादीकडे नीट पाहिलं तर सेवाज्येष्ठताही दिसते. पहिल्या किल्ल्यात सगळ्यात कनिष्ठ, चालण्यापलीकडे काही न येणारा गुंबा, आणि सातव्यात सगळ्यात त्रासदायक हातोडेवाला. मधल्या ब्लूपरला मात्र न्याय झालेला नाही. तो पाण्यातला प्राणी, त्याला लाव्ह्यावरच्या पुलावर ड्यूटी लावली.

गुंबा वाईट का आहेत? ते पण मशरूमच दिसतात.

मशरूमच आहेत. पुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय, गुंबा म्हणजे मशरूम राज्याशी गद्दारी केलेले. फितूर. आपल्याला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही.

त्यांची चाल एकदा जवळून बघा. ते चालत नाहीत. एकच चित्र डावी-उजवी बाजू उलटवून आलटून पालटून दाखवलंय, म्हणून पाय हलल्यासारखे वाटतात. गुंबा खेळात अगदी उशिरा घातला गेला, जागा संपत आली होती, असं करणाऱ्यांनीच सांगितलं आहे. तर्कवाले म्हणतात, ती लाजेची चाल आहे, गावातून मान खाली घालून जाणाऱ्याची.

याहून चांगला पुरावा खेळ संपल्यावर मिळतो. राजकन्या सुटली की खेळ तुम्हाला दुसरी, अवघड फेरी देतो. त्या फेरीत एकही गुंबा नाही, सगळ्यांच्या जागी काळ्या पाठीचे बीटल. राज्य परत आल्यावर पहिल्यांदा फितुरांचा हिशेब झाला, असा याचा अर्थ मी लावतो. कसा झाला ते विचारू नका.

मायनस वर्ल्ड खरंच आहे का? की तीही थाप?

आहे. या बाबतीत चाळीतला थापाड्या आणि आंतरराष्ट्रीय थापाड्या दोघेही खरे निघाले.

१-२च्या शेवटी, बाहेर पडायच्या नळीवर उभं राहून छताजवळच्या विटा ठरावीक पद्धतीने फोडायच्या, मग पाठमोरी उडी अशी मारायची की मारिओ भिंतीत अडकेल. जमलं तर भिंत त्याला गिळून पलीकडे ढकलते. तिथे तीन नळ्या असतात, त्यांतल्या पहिलीत, वरची स्वागताची ओळ दिसायच्या आत शिरायचं. पडद्यावर येतं: ‘वर्ल्ड’, मग मोकळी जागा, एक आडवी रेघ आणि १. म्हणजे उणे एक.

प्रत्यक्षात ते उणे एक नाही. ती ओळ येईपर्यंत खेळाच्या मनात दुसऱ्याच नळ्यांचा, म्हणजे ४-२ मधल्या नळीचा तपशील भरलेला असतो. तिथे उपयोगाची नळी एकच, मधली. बाजूच्या दोन जागा रिकाम्या दाखवण्यासाठी ३६ हा आकडा टाकलाय, कारण खेळाच्या चित्रसंग्रहात ३६ क्रमांकावर कोरी चौकट आहे. तुम्ही त्या नसलेल्या नळीत शिरलात, खेळ तुम्हाला इमाने इतबारे ३६व्या दुनियेत घेऊन गेला, आणि ३६ लिहायच्या जागी कोरी चौकट उमटली. एवढाच उणेपणा.

आत २-२ सारखाच पाण्याखालचा टप्पा. पोहत शेवटच्या नळीपर्यंत जा, तिच्यात शिरा, आणि पुन्हा सुरुवातीला. वेळ संपून सगळे जीव जाईपर्यंत हेच. बाहेरचे लोक याला मारिओचा नरक म्हणतात. मला तो त्रिशंकू वाटतो. वर घेतलं नाही, खाली पडू दिलं नाही, मधेच लटकवून ठेवलं. जपानमधल्या डिस्कवरच्या आवृत्तीत मात्र उणे दुनियेला तीन टप्पे आहेत आणि शेवटही आहे. त्रिशंकूची सोय देशागणिक वेगळी.

मारिओ कम्युनिस्ट आहे का?

हसू नका, पुरावे बघा. टोपी लाल. पेशाने कामगार: १९८१च्या डाँकी काँगमध्ये सुतार, १९८३च्या मारिओ ब्रदर्समध्ये प्लंबर. किल्ले सोडले तर दर टप्प्याच्या शेवटी तो खांबावरून घसरत कूपांचा झेंडा खाली उतरवतो, आणि छोट्या गढीवर चांदणीचं निशाण चढतं. लाल बावट्याच्या सावलीत वाढलेल्या आमच्या गिरणगावातल्या एका काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच खेळाकडे नीट बघायला लागले.

पण त्यांनीच तो तर्क पाडला. “हा लढतोय कुणासाठी? राजाच्या पोरीसाठी. तिला गादीवर बसवणार. कसला आलाय लाल?” यावर आजवर कुणाकडे उत्तर नाही.

राजकन्येचे वडील कुठे आहेत?

पुस्तिकेत ती मशरूम राजाची मुलगी आहे. बस्स. राजा खेळात कुठेच दिसत नाही. मुलगी पळवली, प्रजेच्या विटा झाल्या, हे महाशय गायब. काही म्हणतात तोही कुठल्यातरी भिंतीत आहे. तसं असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचा.

तिसरा भाग हे नाटक आहे, हे कुणी ठरवलं?

सुपर मारिओ ब्रदर्स ३, जपानमध्ये ऑक्टोबर १९८८. सुरुवातीला पडदा उघडतो, अक्षरशः लाल पडदा. पाठीमागच्या ठोकळ्यांची सावली आकाशावर पडते, म्हणजे आकाश हा रंगवलेला पडदा आहे. कितीतरी फळ्या वरून टांगलेल्या किंवा बोल्टने ठोकलेल्या दिसतात. आणि टप्पा संपताना मारिओ उजवीकडे काळोखात जातो. नाटकं बघून वाढलेल्या माणसाला ते लगेच कळतं: तो विंगेत गेला.

चाहते वर्षानुवर्षं हे म्हणत होते. २०१५ साली, मारिओला तीस वर्षं झाली तेव्हा, त्याचे कर्ते शिगेरू मियामोतो यांना एका छोट्या व्हिडिओत अशा अफवा एकेक करून विचारल्या. नाटकाच्या प्रश्नाला त्यांनी होकार दिला. त्याआधी २०१२ साली एका मुलाखतीत त्यांनी हेही सांगून टाकलं होतं की बाउझरची म्हणून समजली जाणारी सात पोरं त्याची नाहीतच. ज्युनियर तेवढा त्याचा, आणि त्याची आई कोण ते माहीत नाही. म्हणजे एका कोड्याचं उत्तर दिलं आणि दुसरं घरात सोडलं.

नाटकाचा तर्क मान्य केला की बरीच कोडी सुटतात. आज राजकन्या पळवणारा बाउझर १९९२च्या सुपर मारिओ कार्टमध्ये तिच्याच शेजारी गाडी कशी चालवतो? प्रयोग संपला, मंडळी दौऱ्याच्या बसमध्ये बसली, खलनायकाने नायिकेला भजी दिली. मियामोतो यांनीही मुलाखतीत आपली पात्रं नटांच्या संचासारखी असल्याचं म्हटलंय, एकच मंडळी दर वेळी वेगळी भूमिका करते, जुन्या पॉपायच्या कार्टूनसारखी.

माझी एकच तक्रार आहे. पहिल्या भागाला हा तर्क लावू नका. तिथे ना पडदा, ना सावल्या. विटांमधली माणसं खरीच आहेत.

मारिओ एके काळी खलनायक होता, हे खरं?

हो. १९८२च्या डाँकी काँग ज्युनियरमध्ये त्याने माकडाला पिंजऱ्यात कोंडलंय आणि माकडाचं पोर बापाला सोडवायला येतं. तर्क असा की नंतरची सगळी सोडवासोडवी हे त्याचं प्रायश्चित्त आहे. ऐकायला बरं वाटतं. विटा फोडणाऱ्याचं प्रायश्चित्त मात्र जरा महागात पडलंय, दुसऱ्यांना.

तो विटा डोक्याने फोडतो ना?

नाही. हाताने. उडी मारताना मूठ वर असते, थांबवून बघा. आम्हीही वीस वर्षं डोकंच समजत होतो.

आणि त्या मशरूम सेवकाच्या डोक्यावर टोपी असते की ते डोकंच?

डोकंच. २०१८मध्ये निर्माते योशिआकी कोइझुमी यांनी सांगितलं. १९८९च्या कार्टून मालिकेत तो ती टोपीसारखी काढतानाही दिसतो. दोन्ही खरं मानायचं असेल तर रात्री झोप येणार नाही.

झेंड्याच्या वरून उडी मारली तर काय होतं?

आमच्या चाळीतल्या सगळ्यात मोठ्या मुलाच्या मते पलीकडे सोन्याचा गाव होता. ‘मावसभावाने पाहिलंय’ हे वाक्य मी पहिल्यांदा इथेच ऐकलं. ३-३ मध्ये तराजूसारख्या लटकत्या फळ्यांचा उपयोग करून खरोखरच पलीकडे जाता येतं. पुढे मोकळी जमीन. आणखी पुढे मोकळी जमीन. परत फिरता येत नाही, कारण पडदा मागे सरकत नाही, खेळ एका वेळी साधारण दोन पडद्यांएवढंच जग लक्षात ठेवतो. मग वेळ संपते आणि मारिओ मरतो.

फटाके कधी फुटतात?

आमची पक्की समजूत होती की खांबावर सगळ्यात वर उडी मारली की फुटतात. साफ चूक, वर पकडलं तर ५००० गुण तेवढे मिळतात. फटाके घड्याळावर आहेत. खांबाला हात लागला त्या क्षणी वेळेचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर तेवढेच फटाके.

३-१च्या पायऱ्यांवर कासव उडवून अगणित जीव मिळवता येतात का?

अगणित नाही, इथेच लोक फसतात. पायऱ्यांवर कवचावर उड्या मारत राहिलात तर जीव वाढत जातात आणि दहाच्या पुढे आकड्याच्या जागी मुकुट दिसायला लागतो. पण १२७च्या वर गेलात आणि एकदा मेलात की खेळ खलास. आकडा साठवायच्या जागेत १२८ मावत नाही, खेळ त्याला उणे समजतो. चित्रगुप्ताच्या वहीतली ओळ संपली. शंभर नाण्यांना एक जीव विकणाऱ्या यंत्रणेत हिशेबाची वही एवढी छोटी का, हा तर्क अजून कुणी पूर्ण केलेला नाही. इच्छुकांनी करावा.

राजकन्या शेवटी खरंच भेटते का?

भेटते, ८-४ मध्ये. तो टप्पा भुलभुलैया आहे, चुकीच्या नळीने गेलात तर फिरून तिथेच. खेळ साठवून ठेवायची सोय नाही, त्यामुळे आम्ही बरेचदा सातव्या-आठव्या दुनियेपर्यंत पोचायचो आणि वीज जायची. नाहीतर अडॅप्टर इतका तापायचा की वडीलच बटण बंद करायचे. आमच्या मजल्यावर एक पंथच तयार झाला होता, राणी नाहीच म्हणणाऱ्यांचा. आम्ही तिला राणीच म्हणायचो.

मग एका मे महिन्याच्या दुपारी वीज राहिली. मी पुलावरची कुऱ्हाड पकडली, ड्रॅगन पडला, आणि सेवकाच्या जागी ती उभी होती. पाच-सहा ओळी इंग्रजीत, मोहीम संपली, आता नवी मोहीम घ्या, बी दाबा. मागे खाटेवर मावसभाऊ बसला होता, हो, खराच मावसभाऊ, सुट्टीला आलेला. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “ही राणी. मग राजा कुठंय?”